एकेचाळीस फुलं आणि बशीरचाचा

पुणे शहरात फेब्रुवारी महिन्यात बर्फ पडत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात, पाण्याची टाकी आणि स्कूटर स्टँड यांच्यामधल्या जागेत, मी स्वतः सलग तेवीस दिवस सकाळी सहा वाजता थर्मामीटर वाचला आहे. सर्वांत कमी तापमान नऊ अंश होतं, आणि तेही एकदाच. बाकीचे दिवस अकरा ते चौदा. पाणी गोठायला शून्य लागतं. शून्य आणि नऊ यांच्यातला फरक मी बशीरचाचांना तेवीसही दिवस समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे, दिघे. तुमचा आकडा बरोबर आहे. आता तो वरचा चिमटा जरा घट्ट करा."

मी चिमटा घट्ट करायचो.

बशीर बागवान आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात सफरचंदाची अडत केली. म्हणजे हिमाचलातले बागायतदार ट्रक भरून पेट्या पाठवणार आणि हे त्या लिलावात विकून देणार. गाळा मुलाच्या हाती देऊन ते घरी बसले तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. घरी बसलेला अडत्या काय करतो, तर माणसांची प्रतवारी लावतो. सफरचंदाच्या पेटीवर लार्ज, मीडियम, स्मॉल असं लिहिलेलं असतं, आणि सगळ्यांत बारक्या मालाला 'पित्तू' म्हणतात. सोसायटीतली सगळी पोरं त्यांच्या लेखी पित्तू. आमचे चेअरमन नातू सर लार्ज. मी मीडियम. "पण टिकाऊ मीडियम," असं त्यांनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं. ती ते अजून वापरते.

सफरचंद ते कधी खायचे नाहीत. पेरू खायचे, मीठ लावून. बाजारात माझ्याबरोबर आले तर सफरचंद हातात घेऊन त्याला टिचकी मारायचे आणि कानाशी धरायचे. नारळ कानाशी धरून हलवतात, कलिंगडाला टिचकी मारतात, हे मला ठाऊक होतं. सफरचंदात काय ऐकू येतं, असं मी एकदा विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पण विकणारा घाबरतो."

आणि इतकी सफरचंदं विकलेल्या या माणसाने सफरचंदाचं झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी आश्चर्य दाखवलं, तर म्हणाले, "का? मंडईत मासळी विकणारीने समुद्र बघितलाय का, विचारलंत कधी?"

त्या झाडाची हकिगत त्यांनी मला टाकीच्या कट्ट्यावर बसून सांगितली, एकदाच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, म्हणून मी ती जशी ऐकली तशी देतो.

हिमाचलात त्यांचा एक जुना बागायतदार होता. त्याला सगळे ठाकूरसाहेब म्हणत. दर वर्षी एप्रिलात ठाकूरसाहेबांचा फोन यायचा, की रात्री बर्फ पडला, फुलं गेली, माल कमी येणार. "बागायतदाराचं हे गाणंच असतं, दिघे. माल कमी म्हटलं की भाव चढतो. मी आपला दर वर्षी 'अरेरे' म्हणायचो आणि सोडून द्यायचो. एका वर्षी त्यांनी सांगितलं, की सगळाच बहर गेला, एक पेटीसुद्धा येणार नाही. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, ठाकूरसाहेब, बर्फ झाडावर पडलाय की तुमच्या जिभेवर?"

"मग?"

"मग काय? फोन ठेवला त्यांनी. अठरा वर्षं माझा फोन घेतला नाही."

पुढे एका ट्रकवाल्याकडून त्यांना कळलं, की त्या वर्षी खरोखरच एक फूल उरलं नव्हतं. ऐन बहरात बर्फ पडला होता आणि पाठोपाठ रात्रीचं दव फुलांवर गोठायला लागलं होतं. बागेत ऊब राहावी म्हणून ठाकूरसाहेबांनी सहा रात्री झाडांखाली शेकोट्या पेटवल्या. लाकूड संपलं तेव्हा घरातल्या गाद्या फाडून त्यातला कापूस जाळला. सातव्या सकाळी फुलं काळी पडली. "आणि मी इथे पंख्याखाली बसून विचारलं, जिभेवर का म्हणून."

चाचांनी गाळा सोडला त्या वर्षी एका ट्रकमधून त्यांच्या नावाने एक पेटी आली. पेटीत सफरचंदं नव्हती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हातभर रोप होतं आणि एक चिठ्ठी. 'ही कमी थंडीत फळणारी जात आहे. पुण्यात जगेल. एक फूल फळापर्यंत नेऊन दाखवा. मग बोलू.'

त्या दिवशी चाचांनी ठरवलं, की ठाकूरसाहेबांच्या घरून येणारा प्रत्येक शब्द खरा मानायचा. एकदा खरं मानलं नव्हतं, आता काहीही खरं मानणार. फोनवर ठाकूरसाहेब स्वतः येत नसत. त्यांचा नातू यायचा आणि 'दादाजी असं म्हणतात' म्हणून सूचना द्यायचा. पुढे जे जे झालं त्याचं मूळ या ठरावात आहे. माणूस वेडा नव्हता.

टाकी आणि स्टँडमधल्या त्या जागेत झाड लावलं. तिसऱ्या वर्षी ते सात फूट चार इंच झालं. पानं भरपूर, फूल नाही. नातवाने सांगितलं, की दादाजी म्हणतात, सफरचंदाला हिवाळ्यात थंडीत झोपावं लागतं. झोप झाली नाही तर ते फुलत नाही. ही जात थोडक्यात भागवते, पण थोडी तरी थंडी हवीच. दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून बर्फाची लादी आली, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेली. डिसेंबर महिनाभर दर दोन दिवसांनी एक, अशा सोळा लाद्या त्या झाडाच्या बुंध्याशी विरघळल्या. त्या पाण्यामुळे आवारात जो चिखल झाला त्याबद्दल माझ्याकडे सहा लेखी तक्रारी आल्या. त्यांपैकी चार नाना धुमाळांच्या होत्या.

नाना तळमजल्यावर राहायचे. आमची सोसायटी ज्या रानात उभी आहे ते रान मुळात त्यांच्या वडिलांचं. नानांच्या घरात पाच मोटारसायकली होत्या आणि स्टँडमध्ये जागा होती दोनची, म्हणून त्यांचा डोळा झाडाच्या जागेवर होता. एरवी नाना मनाने वाईट नव्हते. बर्फाची लादी बघून ते खुर्ची घेऊन अंगणात बसायचे.

"चाचा, ह्या रानात माझ्या बानं ज्वारी काढली, घेवडा काढला. बर्फ पेरलेला न्हवता कधी."

"आता पेरतोय ना, नाना. बघा काय उगवतं ते."

"काय उगवायचंय? गोळा उगवंल. काला खट्टा."

जानेवारीच्या वार्षिक सभेत नानांनी झाडाचा विषय काढलाच. बरीच वादावादी झाल्यावर ठराव झाला, की पाडव्यापर्यंत झाडाला फळ धरलं नाही तर ते काढून स्टँड वाढवायचा. बाजूने चौदा, विरुद्ध आठ, तटस्थ दोन. चाचांनी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला. मी खाली उतरताना त्यांना विचारलं, "चाचा, तुम्ही कसा काय हात वर केलात?"

"वायदा दिला नाही तर माल येत नाही," ते म्हणाले. "झाडालाही कळू दे."

झाडाला कळलं असावं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कळ्या दिसल्या. बाहेरून गुलाबी, उमलताना पांढऱ्या. मी चार फांद्यांवर दोनदा मोजल्या, एकेचाळीस भरल्या. काही उमललेल्या होत्या, काही दोन-तीन आठवडे घेणार होत्या. चाचांनी हिमाचलला फोन लावला. ठाकूरसाहेबांचा नातू म्हणाला, दादाजी म्हणतात, आता खरं काम. फुलावर बर्फ पडला की संपलं. बर्फाचे दिवस असेपर्यंत झाकून ठेवा.

"तिकडे आज बर्फ आहे?" चाचांनी विचारलं.

"भरपूर आहे," नातू म्हणाला.

फेब्रुवारीत तिकडे रोजच बर्फ असतो. म्हणून बिबवेवाडीतलं झाड रोज झाकायचं ठरलं. मी म्हणालो, चाचा, बर्फ तिकडे आहे, झाड इकडे आहे. ते म्हणाले, "एकदा मी इथे बसून तिथला बर्फ खोटा म्हटला होता, दिघे. आता तुम्ही म्हणू नका."

 मी घरी जाऊन थर्मामीटर आणला.

झाकायचं कशाने, हा प्रश्न होता. प्लास्टिकने फुलं उबतील, गोधडीने मोडतील. हलकं, उबदार आणि भरपूर असं कापड हवं होतं, आणि असं कापड पुण्यात ज्याच्या घरी असतं त्या माणसाकडे, म्हणजे चेअरमन नातू सरांकडे, आम्ही दोघं गेलो. सर निवृत्त मुख्याध्यापक. पुण्यात माणूस साठीच्या पुढे गेला की त्याला थंडी वाजते, असा इथल्या संस्थांचा समज आहे, त्यामुळे सरांच्या कपाटात सत्काराच्या त्रेचाळीस शाली होत्या. बहुतेक लोक आलेली शाल पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर घालतात. काही शाली अशा फिरत फिरत आपल्या पहिल्या मालकाकडे परत येतात. सर तत्त्वाचे होते. एकही शाल त्यांनी पुढे सरकवली नव्हती. प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली, कुठली संस्था, काय निमित्त.

"सर, शाली हव्या होत्या," चाचा म्हणाले.

"का? सत्कार कुणाचा आहे?"

"झाडाचा."

"कशाबद्दल?"

"फुललं म्हणून."

सरांनी चष्मा काढून पुसला. "योग्य आहे," ते म्हणाले. "याहून कमी कामाबद्दल मला मिळाल्या आहेत. किती देऊ?"

माझ्या मोजमापाने अकरा पुरल्या. फुलांवर भार येऊ नये म्हणून बांबूचा सांगाडा केला, वर शाली टाकल्या आणि वाळत घालायच्या चिमट्यांनी कडा जोडल्या. शाली भगव्या, मरून, एक-दोन जरीच्या. सकाळच्या उन्हात ते झाड भाषणाला उभं राहिल्यासारखं दिसायचं.

नाना बघायला आलेच. "डिसेंबरात बर्फ, आन् फेब्रुवारीत शाल," ते म्हणाले. "आदी गारठवायचं, मंग पांघरून घालायचं. ह्याला शेती न्हाई म्हनत, चाचा. ह्याला संसार म्हनत्यात."

आठव्या दिवशी घोटाळा झाला. आमचं आवार रस्त्याला लागून आहे आणि भिंत कमरेएवढी. सकाळी थर्मामीटर वाचायला गेलो तर झाडापुढे एक नारळ आणि विझलेल्या दोन उदबत्त्या. मी त्या उचलून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तीन नारळ आणि मोगऱ्याचा गजरा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शालींच्या वर हिरवी चादर चढवून गेलं होतं आणि एक रिक्षावाला इंजिन चालूच ठेवून, भिंतीपलीकडून हात जोडून उभा होता. शालीखाली कोण आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण इतक्या शाली ज्याला मिळाल्या तो कुणीतरी मोठा असणार, एवढं त्याला पुरेसं होतं.

चाचा लगबगीने खाली आले. "अरे बाबा, सफरचंद आहे ते! सफरचंद!"

"असू द्या की, चाचा," रिक्षावाला समजुतीने म्हणाला. "माणसाला कुठल्या पन रूपात गुण येतो."

आठवडाभरात नानांचा नूर बदलला. ते मला जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी, ते ठरावाचं ऱ्हाऊ द्या. लोक नारळ ठिवायला लागले. आता त्येला कुऱ्हाड लावायची कुनी? माझा तर हात न्हाई जायचा."

म्हणजे झाड वाचलं होतं. फळ न धरताही वाचलं होतं. मी ही बातमी आनंदाने वर जाऊन सांगितली. चाचा पेरू कापत होते. सुरी खाली ठेवून म्हणाले, "नाही चालणार, दिघे. मला झाड नकोय, फळ हवंय. खोट्या मानावर झाड उभं राहिलं, तर मी ठाकूरसाहेबांना काय तोंड दाखवू? म्हणतील, बशीर, बर्फ खोटा म्हणालास आणि देव खोटा केलास." आणि दुसऱ्या दिवसापासून हा सत्तरीचा माणूस सकाळ-संध्याकाळ भिंतीपाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, की हे सफरचंद आहे, आंबट जातीचं आहे, याच्याने कुणाचंही काही भलं होणार नाही. वर गॅलरीतून त्यांच्या बेगम, जुलेखाचाची, म्हणायच्या, "अजी, चाळीस वर्षं माल गोड आहे म्हणून ओरडलात. आता आंबट म्हणून ओरडा. गल्ला वेगळा, घसा तोच." हिरवी चादर चाचांनी घडी करून मशिदीत नेऊन दिली आणि नारळ पलीकडच्या मारुतीच्या पुजाऱ्याकडे पोचवले. लोक यायचे थांबले. नानांचा ठराव पुन्हा जिवंत झाला.

दरम्यान माझा आकडा घसरत होता. खाली गळून पडलेली फुलं मी रोज वेचून मोजत होतो. एकूण आधी पाच, मग तेरा, मग बावीस. चाचांना वाटायचं, कुठूनतरी गारवा आत शिरतोय. ते चिमटे वाढवायचे. तेविसाव्या दिवशी चौतीस फुलं गळून झाली होती. उमललेली आणि उमलू घातलेली मिळून सात उरली होती, आणि फळाची गाठ एकाही जागी नव्हती. आम्ही दोघं शालीची कड उचलून आत बघत होतो तेवढ्यात मागून नाना आले आणि त्यांनीही वाकून बघितलं.

"फुलं तर चांगली हायत की. मंग गळत्यात का?"

"थंडी," चाचा म्हणाले.

नानांनी शालींकडे बघितलं, चिमट्यांकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे. "चाचा, ह्ये चोवीस तास असंच झाकलेलं असतंय?"

"चोवीस तास. एक फट ठेवली नाही."

"मंग माशी कुटनं जानार?"

चाचांनी सवयीने एक चिमटा घट्ट केला.

"मधमाशी हो! फुलावर माशी बसल्याबिगर फळ धरतंय का कुटं? नवरीला मांडवात बसिवली आन् नवऱ्याला येशीवरच आडिवला, तुमी तर."

चाचा टाकीच्या कट्ट्यावर बसले.  मग म्हणाले, "म्हणजे चौतीस फुलं मी मारली." मी म्हणालो, आपण दोघांनी. ते खरंही होतं. मी तापमान मोजलं होतं, फुलं मोजली होती, चिमटे मोजले होते. माश्या मोजायचं मला सुचलं नव्हतं.

"आता उठा," नाना म्हणाले. "सात हायत ना? आमी भोपळ्याला हातानं लावतो, पावसुळ्यात माशी नसली तर." त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एका काडीला कापूस गुंडाळला आणि शाली बाजूला सारून एका फुलातली पिवळी भुकटी दुसऱ्या फुलात अशा नाजूक हाताने लावायला लागले, की मी त्यांच्या चार तक्रारी मनातल्या मनात निकाली काढल्या.

"नाना," चाचा म्हणाले, "तुम्हाला तर स्टँड पाहिजे."

"पायजेच. पाडव्याला फळ न्हाई दिसलं तर पहिली कुदळ माझी. पर आज फुलानं काय घोडं मारलंय?"

शाली उतरवल्या. जुलेखाचाचींनी त्या धुऊन, इस्त्री करून, जिची चिठ्ठी तिला टाचून सरांकडे पोचवल्या. झाड तेवीस दिवसांनी उघडं झालं. त्यावर कुठून कुठून माश्या आल्या. मी मोजल्या, पण त्या एका जागी बसत नसल्याने तो आकडा देत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सोसाट्याचा वारा सुटला आणि एकदम पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज झाला. मी गॅलरीत आलो. गारा पडत होत्या. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. तेवीस दिवस ज्याची वाट बघत ते झाड शाली पांघरून उभं होतं, तो बर्फ शाली काढल्यावर चौथ्या दिवशी आला होता.

मी छत्री घेऊन धावलो. जिन्यात नातू सर, अंगात बनियन, दोन्ही हातांत शाली. "कुठल्या आणल्यात सर?" "हाताला लागल्या त्या! आता निमित्त बघत बसू का?" खाली नानांनी स्वतःच्या मोटारसायकलींवरची ताडपत्री ओढून काढली होती. त्या दिवशी त्यांच्या नव्या गाडीची टाकी गारांनी चेपली, हे मी पाहिलं आहे. आम्ही तिघांनी ताडपत्रीची तीन टोकं धरली, वर शाली टाकल्या. चौथं टोक मोकळं फडफडत होतं.

"चाचा कुठायत?" सर ओरडले. "चौथं टोक धरा!"

चाचा स्टँडच्या पत्र्याखाली उभे होते आणि मोबाइलवर ओरडत होते. "पडतोय! इथे पडतोय! दादाजींना फोन दे! अरे, आधी दे, मग विचार!" मग त्यांनी फोन वर पत्र्याकडे धरला. पत्र्याचा तो आवाज जवळजवळ एक मिनिट त्यांनी हिमाचलला ऐकवला. पत्र्याच्या कडेवरून उडालेल्या गारा त्यांच्या हातावर आपटत होत्या. आम्ही तीन टोकं धरून शिव्या द्यायच्या बेतात होतो.

फोन कानाशी नेल्यावर त्यांचा चेहरा बदलला. ते नीट उभे राहिले, शाळेत उभं राहतात तसे.

"जी, ठाकूरसाहेब," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दिघे, विचारतायत, किती वाचली?"

मी ताडपत्रीखाली वाकलो. दोनदा मोजली. "तीन!"

"तीन," चाचांनी फोनवर सांगितलं. पलीकडचं ऐकताना त्यांनी एकदा मान हलवली. मग त्यांनी फोन खिशात ठेवला, चालत आले आणि चौथं टोक धरलं. तोवर गारा थांबत आल्या होत्या.

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"म्हणाले, तीन वाचली म्हणजे बाग वाचली. आणि ठेवला."

"एवढंच?"

"अठरा वर्षांनी एवढं पुष्कळ झालं, सर."

तिनांतली दोन पुढे गळली. एका जागी गाठ धरली. पाडव्याला ती हरभऱ्याएवढी होती. नानांनी भिंग घेऊन पाहिलं, "ह्येला फळ म्हनायचं का बटन?" असं विचारलं, आणि ठराव रद्द करायला पहिला हात त्यांनीच वर केला. जूनच्या सुरुवातीला ते फळ एका गालावर लाल झालं. चाचांनी ते स्वतः उतरवलं. माझ्या घरच्या काट्यावर त्याचं वजन एकाहत्तर ग्रॅम भरलं. "पित्तू," त्यांनी जाहीर केलं. आवाजात जो रुबाब होता तो लार्जचा होता.

ट्रकने पाठवू, असं मुलगा म्हणाला. चाचांनी ऐकलं नाही. ते स्वतः निघाले.

तिकडे काय झालं, हे मला नंतर चाचींनी फोनवर सांगितलं तेवढंच माहीत आहे. ते सफरचंद बागेत बसून कापलं, त्याच्या नऊ फोडी केल्या, घरातल्या प्रत्येकाला एक. आंबट होतं. ठाकूरसाहेबांनी चाचांना परत येऊच दिलं नाही, हंगाम संपेपर्यंत ठेवून घेतलं. दोघं झाडाखाली बसायचे आणि पोरांच्या चुका काढायचे. त्या जुन्या वर्षाबद्दल दोघांत काय बोलणं झालं, झालं की नाही, हे चाचींनाही ठाऊक नव्हतं. त्याच पावसाळ्यात आम्ही वारज्याला राहायला गेलो. चाचा परतल्यावर भेटायला जायचं माझं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. पुढच्या हिवाळ्यात ते मुलीकडे सोलापूरला गेले होते, तिथेच गेले. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुणे स्टेशनवर, जम्मूकडे जाणाऱ्या गाडीत.

सोडायला मी गेलो होतो. लाकडी पेटी, दोन माणसांनी उचलावी एवढी. आत गच्च गवत आणि गवताच्या मधोमध ते एक फळ. लहान खोक्यात मावलं असतं, हे मी सांगून पाहिलं होतं. "सफरचंद पेटीतच जातं, दिघे," असं उत्तर मिळालं. तिकीट तपासनीस पेटीपाशी थांबला.

"काय आहे यात?"

"सफरचंद."

"किती?"

"एक."

"कुठे निघालात?"

"हिमाचलला."

तपासनिसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, एकच आहे, मी मोजलंय. तो पुढे गेला.

गाडी सुटायला सात मिनिटं होती. चाचा खिडकीशी बसले, पेटी मांडीवर. खाली ठेवा म्हटलं तर मान हलवली. मग हळूच म्हणाले, "दिघे, तिथे गेल्यावर काय म्हणू?"

"म्हणा, माझं चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी घसा साफ केला. "माझं चुकलं, ठाकूरसाहेब. पण तुम्हीही दर वर्षी बर्फ बर्फ म्हणायचात, तेव्हा..."

"चाचा, 'पण' नको."

"बरं. माझं चुकलं. आता बाजारात बसणारा माणूस म्हटला की..."

"तेही नको."

"चाळीस वर्षं भाव केलाय हो. एका वाक्यात सौदा कसा तोडायचा?"

त्यांनी आणखी तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा शेपूट लागलं. गाडीने शिटी दिली, डबा हलला. मी चार पावलं खिडकीबरोबर चाललो. त्यांचं लक्ष आता माझ्याकडे नव्हतं. समोरच्या बाकावर एक सरदारजी बसले होते, डबा उघडून पराठा हातात घेतलेले. चाचा पेटीवरून पुढे झुकून, हात जोडून त्यांना काहीतरी म्हणत होते. छोटंसंच असावं, कारण लगेच थांबले. सरदारजींनी दचकून पराठा खाली ठेवला, गोंधळून आजूबाजूला पाहिलं, आणि मग चाचांचे जोडलेले हात दोन्ही हातांनी धरून, असू दे, असू दे, अशी मान हलवली.